पॅसेजमधली विहीर

उम्म सालिमच्या घरात पॅसेजमधून सरळ चालायची सोय नव्हती. वाटेत भिंतीलगत एका सतरंजीएवढी जागा होती, तिला वळसा घालून जावं लागे. पहिल्या दिवशी मी पाण्याचा जार खांद्यावर घेऊन सरळ निघालो, तर आतून हाक आली, "या वलदी! विहीर!" या वलदी म्हणजे पोरा. मी एक पाय उचललेला तसाच थिजलो. खाली पिवळट फरशी, नुकती पुसलेली, बाकी काही नाही. ती बाई दाराची चौकट धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर खरी भीती होती, मूल रस्त्यात धावलं की आईच्या चेहऱ्यावर येते तशी. "कडेकडेनं ये," ती म्हणाली. "तिला कठडा नाही." मी कडेकडेनं गेलो. पुढची सगळी वर्षं कडेकडेनंच गेलो.

मी सौदीत, खमीस मुशैतला, एका इमारतीचा हारिस आहे. हारिस म्हणजे राखणदार, पण राखण हे त्यातलं सगळ्यात कमी काम. टाकी भरणं, जिने पुसणं, मालकाची पिकअप चालवणं आणि काही बिघडलं की शिव्या खाणं, हे जास्त. शाळा आठवीत सुटली, तेव्हापासून मिळेल ते काम धरायचं आणि धरलेलं सुटेल म्हणून घाबरायचं, हाच माझा स्वभाव झाला. इथं तर राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, कफीलच्या, म्हणजे आपल्याला जामीन राहिलेल्या माणसाच्या, हातात. आणि माझा कफील म्हणजे इमारतीचा मालक. आलो त्याच थंडीत पाण्याची मोटर जळाली. मालक जिन्यात ओरडत होता, "खलास! याला परत पाठवतो." उम्म सालिम वरून उतरली, डोक्यावरचा पांढरा रुमाल सारखा करत म्हणाली, "अरे, मोटर म्हातारी होती. म्हातारं माणूस मेलं की घरातल्या पोराला बाहेर काढायचं, ही कुठली रीत? काढायचंच असेल तर आधी मला काढ. मला सवय आहे." मालकाला हसू आलं, आणि मी राहिलो. त्या दिवसापासून मी तिला खाल्ती म्हणू लागलो. खाल्ती म्हणजे मावशी. मावशीला आपण अहो-जाहो करत नाही, म्हणून इथंही करत नाही.

दर शुक्रवारी, दुपार कलली की ती गावातून चालायची. गावाचं नाव ती घेत नसे. 'अल-बलद' म्हणायची, आपण नुसतं 'गाव' म्हणतो तसं. पॅसेजच्या आतल्या टोकाची तिची झोपायची खोली, ते घर. तिथून मुख्य दारापर्यंत गाव. खोलीतून निघालं की डाव्या हाताला विहीर, मग उजव्या हाताला मशीद, पुढे डाव्या हाताला अंजिराचं झाड, आणि शेवटी मुख्य दारापाशी खळं, जिथं गहू मळायचे. हळूहळू चालायची, मोठ्यानं बोलत. "इथं हलीमाची भट्टी. सलाम, हलीमा, भाकरी करपतेय तुझी. इथं आंधळा शेख पाय पसरून बसतो. सलाम, शेख." सलाम करायची, पण उत्तराला थांबायची नाही. मी एकदा कारण विचारलं.

"निघालेल्या माणसानं थांबायचं नसतं," ती म्हणाली. "थांबलं की पाय मुळं धरतात."

हे गाव तिनं स्वतः कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं तिच्या आईनं, तेही लहानपणी. सगळे पॅलेस्टाइनमधलं ते गाव सोडून निघाले तेव्हा आई इतकी लहान होती की बापानं तिला खांद्यावर टाकून नेलं. ती खांद्यावरून बघत राहिली, आणि जे जे मागे पडलं ते तिनं ध्यानात ठेवलं. पुढे गाझाच्या छावणीत, तंबूच्या दोन खांबांमध्ये, ती लेकीला हात धरून चालवायची. डावीकडे विहीर, उजवीकडे मशीद. तंबू जाऊन पत्र्याची खोली आली, मग सिमेंटची. गाव प्रत्येक घरात नव्यानं मांडलं गेलं. खाल्तीनं ते लग्नानंतर इकडे आणलं. नवरा शाळामास्तर होता, जन्मभर परवान्यावर राहिला आणि परवान्यावरच वारला. मुलगा उस्ताद सालिम इथंच जन्मला, इथंच मास्तर झाला, तरी त्याचाही इकामा माझ्यासारखाच दरसाल संपायचा. फरक एवढाच, की मला परत पाठवायला एक जागा होती.

माझ्याही गावाबद्दल तिनं विचारलं होतं. मी सांगितलं, आमचं जुनं गाव धरणात गेलं, आम्ही सरकारनं आखून दिलेल्या नव्या गावात वाढलो.

"मग तुमची विहीर कुठाय?"

"पाण्यात आहे, खाल्ती."

ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग पदराआड हसावं तसं रुमालाआड हसू लागली. "विहीर पाण्यात! सालिम, ऐकलंस का, यांची विहीर पाण्यात बुडाली!" डोळे पुसेपर्यंत हसली. मग एकदम म्हणाली, "आणि तिथून चालतं कोण?" मी म्हटलं, कोणीच नाही. तिनं माझ्या ताटात आणखी एक चमचा भात वाढला.

मी भुताखेतांना भिणारा माणूस आहे, ते लपवत नाही. पण त्या पॅसेजमध्ये भीती अशी वाटायची नाही, नुसती शुद्ध यायची, थंड पाण्याचा हबका बसल्यासारखी. एकदा तिथला दिवा बदलत होतो. शिडी मुद्दाम कडेला लावली होती. हातातला स्क्रू निसटला तो त्या जागेच्या बरोबर वर. मी आवाजाची वाट बघत राहिलो. आवाज आलाच नाही. उतरून फरशी हातानं चाचपली, कोपरे पाहिले, शिडी हलवली. स्क्रू नव्हता. आमचा प्लंबर खानभाई बेसिन दुरुस्त करत होता, तो हसून म्हणाला, "अरे यार, बुढिया के साथ तू भी पागल हो गया?" पण जाताना मी बघितलं, हातात जड पेटी असूनही तो भिंतीला चिकटून गेला.

उस्ताद सालिमची मुलगी हनीन बारावीला होती. ती आजीला 'तेता' म्हणायची आणि मला 'अम्मो', म्हणजे काका. तिला शिकायला परदेशी जायचं होतं. इथं जन्मूनही पुढे इथंच राहता येईल असं धरून चालता येत नव्हतं. खाल्तीचा एकच हट्ट होता, पोरगी जाण्याआधी गाव तिच्यात उतरलं पाहिजे. हनीन म्हणाली, "तेता, मी मोबाइलवर नकाशा काढते ना, कायमचा राहील." खाल्तीनं मोबाइल तिच्या हातातून काढून उशीखाली सरकवला. "नकाशे सीमेवर काढून घेतात. पाय काढून घेत नाहीत. गाव पायात ठेव." मग दोघी चालायच्या, म्हातारी पुढे, पोरगी मागे, आणि पोरीचे ओठ हलत राहायचे.

त्या सुमारास गाझाला फोन लागेनासा झाला. तिचा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची मुलं तिकडे होती. ती सारखा नंबर फिरवायची, वाजतही नसे. मग एक दिवस फोन आला, शेजारच्या कुणाचा तरी. मी दारात भाजीची पिशवी घेऊन उभा होतो. ती रडली नाही. "सगळे?" एवढंच विचारलं. मग फोन कानाला तसाच धरून बसून राहिली.

त्या शुक्रवारी मला तिनं पंखा पुसायला बोलावलं होतं. चालणं सुरू झालं आणि मला ऐकू आलं की नावं वाढली आहेत. "विहिरीपाशी थांब, महमूद, मुलांना पाणी पाज. मग सरळ माझ्या मागे ये. घर उघडंच आहे." भावाला ती वाट दाखवत होती. मी शिडी घेऊन बाहेर निघालो, तर तिनं हात आडवा केला. "भिंतीला लागून जा, या वलदी. आज गर्दी आहे." पुढचे कितीतरी शुक्रवार गर्दी वाढत गेली. मी त्या पॅसेजमधून अंग चोरून जाऊ लागलो. माझ्या दंडाला काही लागायचं असं नाही म्हणत मी. पण लागणार नाही अशी काळजी घ्यायचो.

उन्हाळ्यात खालच्या शहरांतून लोक आमच्याकडे थंड हवेला येतात. तसे जेद्दाहून हाज अबू फारिस आले. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत चालणारे. गाव सुटलं तेव्हा ते चांगले कळत्या वयाचे होते आणि गाव तेच, खाल्तीच्या आईचं. कोणीतरी सांगितलं, तुमच्या गावची एक बाई इथं राहते, तर पत्ता शोधत आले. खाल्तीनं त्या दिवशी ठेवणीतला भरतकामाचा पोशाख घातला. चहा झाल्यावर त्यांचा हात धरून म्हणाली, "चला, तुम्हाला घरून खळ्यापर्यंत सोडते."

ते खोलीतून निघाले आणि काही पावलांत थबकले. "हे काय?"

"विहीर."

"इकडे कशी? घरून निघालं की विहीर उजव्या हाताला."

"डाव्या, हाज. माझी आई..."

"बाई, मी पडलो होतो तिच्यात! विहिरीत पडलेला माणूस तिची बाजू विसरेल का?" ते हसत होते. मग मशीद आली, तीही उलटी. अंजीरही उलटं. आरशात बघावं तसं सगळं गाव फिरलेलं. आता त्यांनाही हसू येईना. "अग, एवढं मनाला काय लावून घेतेस? लहान पोर होती तुझी आई. डावं-उजवं कुठं कळतं त्या वयात?"

ते गेल्यावर खाल्ती भिंतीला टेकून खाली बसली. मी कप उचलत होतो. ती मला म्हणाली की कुणाला, ठाऊक नाही. "मग महमूद कुठं गेला? मी त्याला या वाटेनं लावलं. पोरं होती बरोबर. उजवीकडे वळायचं तिथं डावीकडे वळला असेल. कुठं फिरत असतील ते?"

तिनं चालणं बंद केलं. जेवण निम्म्यावर आलं. हनीन समजावून थकली. उस्ताद सालिम म्हणाले, "यम्मा, काय फरक पडतो, इकडे काय अन् तिकडे काय?" तेव्हा ती फक्त म्हणाली, "तुला नाही पडत. जे वाट विचारतायत त्यांना पडतो." त्यातच उस्तादांची शाळेतली नोकरी सुटली, नशिबानं अल खर्जला दुसरी मिळाली. महिनाअखेर घर हलवायचं आणि लगेच हनीनचं विमान. पोरीला गाव द्यायचं राहिलं होतं, आणि देणार ते कुठलं? चुकीचं?

ते शुक्रवार मला नको वाटायचे. आत कोणी चालत नसे, तरी त्यांच्या मजल्याचा जिना पुसताना दारापलीकडे माणसं उभी आहेत असं वाटे, पंगत खोळंबल्यावर असतात तशी, पाय बदलत, दबक्या आवाजात. दाराची मूठ हाताला ओली लागायची. एकदा हनीननं दार किलकिलं केलं आणि विचारलं, "अम्मो, तुलाही ऐकू येतं ना?"

मी म्हटलं, "पाइपात हवा धरते गं."

"हो," ती म्हणाली. "बाबाही तेच म्हणतात."

सामान बांधायला घेतलं त्या आठवड्यात धुकं उतरलं. आमच्याकडचं धुकं म्हणजे भर दुपारी गाडीचं बोनेटसुद्धा दिसत नाही. खाल्तीला दवाखान्यात न्यायचं होतं, ब्लडप्रेशर वाढलं होतं. मी पिकअप काढली. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आडवा उभा. पुढे जायला वाटच नाही. गाडी मागे घ्यायची ठरली. मी समोर तोंड करून आरशात बघत होतो, आणि खाल्ती माझ्या मदतीला म्हणून सीटवर पूर्ण वळून मागच्या काचेतून बघत बसली.

"सांभाळ, डाव्या हाताला बेकरीची पायरी आहे!"

"उजव्या हाताला, खाल्ती."

"डोळ्यांपुढे दिसतेय मला. डाव्या!"

"अग, रोज जातो मी इथून. उजव्या हाताला आहे ती."

"डाव्या म्हणते ना, आंधळ्या!" आणि बोलता बोलता तिचा आवाज तुटला. मी ब्रेक दाबला. तिनं माझं मनगट धरलं होतं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मागच्या काचेकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुझं तोंड पुढे आहे," ती हळूच म्हणाली.

"हो."

"माझं मागे. पायरी एकच."

"हो, खाल्ती."

"आई बापाच्या खांद्यावर होती." धुक्यात टँकरवाला हॉर्न मारत होता, तिला ऐकूच येत नव्हतं. "बाप पुढे बघून चालत होता. ती मागे बघत होती, गावाकडे तोंड करून. विहीर बापाच्या उजव्या हाताला, म्हणून तिच्या डाव्या. ती चुकली नाही रे. गावाकडे तोंड असलेल्या माणसाचं डावं-उजवं तिनं मला दिलं, आणि मी ते घेऊन गावाकडे पाठ करून चालत राहिले." तिनं माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "आईनं मला यायची वाट दिली होती. मी ती जायची समजले."

दवाखान्यात तिचं ब्लडप्रेशर बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज काय खाल्लंत?" खाल्ती म्हणाली, "अजून काही नाही. घरी जाऊन खाते."

मला वाटलं, आता परतल्या परतल्या चालेल. पण नाही. "या घराला निघून जायची सवय लागली आहे," ती म्हणाली. "इथं नको." ती खोक्यांमध्ये बसून जेवली आणि पहिल्यांदाच हनीनला शिव्या घालून कामाला लावली.

मालकानं पिकअप दिली, म्हणाला, सोडून ये आणि लगेच फीर. सामानाच्या ट्रकमध्ये उस्ताद, पिकअपमध्ये मी, खाल्ती, हनीन. वाटेत प्रत्येक चौकीवर मी इकामा आधीच हातात काढून धरायचो. खाल्ती दर वेळी आपलीही कागदपत्रं पुढे करायची आणि शिपायाला म्हणायची, "हा माझा मुलगाच समज." एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी भरदुपारी अल खर्जला पोचलो. तिथं धुक्याचं नावही नाही. लख्ख पांढरं ऊन, आणि वाऱ्याला गोठ्यांचा, ओल्या चाऱ्याचा वास. पहिल्या मजल्यावरचं घर, लांब पॅसेज, खिडकी नाही, रंगाचा वास.

खाल्ती उंबऱ्याबाहेर थांबली. "हे खळं," तिनं हनीनला सांगितलं. चपला काढल्या. मग पोरीचा हात धरून आत पाऊल टाकलं, आणि मला एकदम कळलं की इतकी वर्षं मी तिला फक्त निघतानाच पाहिलं होतं. येताना ती वेगळीच बाई होती. मान वर, पाऊल हलकं. "डाव्या हाताला अंजीर. सलाम." ती थांबली. नुसती थांबली नाही, ऐकत उभी राहिली, आणि मग मान हलवली, कुणी खुशाली विचारल्यावर हलवतो तशी. "उजव्या हाताला मशीद. सलाम, शेख. हो, मीच. तिची मुलगी. ही माझी नात." प्रत्येक दारापाशी थांबत गेली. मी गादी खांद्यावर घेऊन दारात उभा होतो, ती खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

मग डाव्या हाताला विहीर आली. तिथं ती वाकली. "महमूद?" इतक्या हलक्या आवाजात, की झोपलेलं कुणी उठू नये. काही वेळ गेला. हनीनचा श्वास मला दारापर्यंत ऐकू येत होता. नव्या रंगावरून ओल्या मातीचा वास आला, तो मला आला, हे मी कुणापुढेही सांगेन. खाल्तीनं हात पुढे केला, कुणाला तरी उठायला आधार द्यावा तसा, आणि सरळ झाली. हनीनकडे वळून म्हणाली, "आले. सगळे आले. थकलेत फार. चल, अंथरूण घालू." आणि दोघी आतल्या खोलीत गेल्या.

मी गादी नेऊन दिली. मला निघायला हवं होतं, दिवस मावळायच्या आत रस्ता गाठायचा होता. हनीन खोलीच्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती, पण पावलं अजून हलत होती, डावं, उजवं, डावं. खाल्तीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी विचारलं, "पुन्हा कधी भेट, खाल्ती?" ती म्हणाली, "ते सोड. जाताना मागं बघू नकोस. मागं बघत जाणाऱ्याचं डावं-उजवं फिरतं, मग त्याची लेकरंबाळं चुकत राहतात. पुढे बघ आणि जा. आणि घरी फोन कर, तुमच्यातलं कोण कुठं राहायचं ते विचारून ठेव, विचारण्यासारखं कोणी आहे तोवर."

मी निघालो. आता जाणारा मी होतो, म्हणून विहीर माझ्या उजव्या हाताला आली. कडेकडेनं गेलो. उस्ताद खाली ट्रकपाशी हमालांशी बोलत होते, जिन्यातून त्यांचा आवाज येत होता. आजी आणि नात आतल्या खोलीत होत्या, दोघींचंही बोलणं मला ऐकू येत होतं. विहिरीजवळून एका लहान पोरानं मला सलाम केला. मी मान वळवली नाही. "वअलैकुम अस्सलाम, बाळा," म्हटलं, आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.